झाफिराची नोंद

ओग्न्यान रादुलोव दिवसा दात काढायचा आणि संध्याकाळी माणसं. दात एलेनित्सा गावातल्या लोकांचे, आणि माणसं ऑनलाइन ज्ञानकोशातली. कोणीही यावं आणि लिहावं असा तो ज्ञानकोश. पण कोणीही लिहितं म्हटल्यावर निवडायलाही कोणीतरी बसावं लागतं. बल्गेरियन आवृत्तीत असं निवडत बसणारी जी मोजकी माणसं होती, त्यांत रोडोपीच्या डोंगरातला हा दंतवैद्य बरीच वर्षं होता. कोणी आपल्या मेहुण्याच्या खानावळीची नोंद करी, कोणी स्वतःच्याच कवितांना थोर म्हणे, कुठल्या तरी उपमहापौराची कर्तबगारी त्याच्याच कचेरीतून लिहून येई. ओग्न्यान सगळं सावकाश वाचायचा आणि एकच विचारायचा: या माणसाशी काही देणंघेणं नसलेल्या कोणी, कुठे, याच्याबद्दल नीट लिहिलंय का? नसेल तर नोंद जायची. त्यात राग नव्हता, आकस नव्हता. किडलेला दात ठेवून कोणाचंच भलं होत नाही, इतकंच त्याचं म्हणणं.

त्याची बायको स्नेझाना दवाखान्यासमोर औषधांचं दुकान चालवायची. नवऱ्याच्या या उद्योगाला ती गिऱ्हाइकांसमोरही 'तण काढणं' म्हणायची. दारूचा नाद नाही, पत्त्यांचा नाही, तण काढतोय तर काढू दे, असा तिचा विचार. संसार बरा चालला होता.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी ओग्न्यानचा सासरा दोब्री चाउशेव तरातरा दवाखान्यात शिरला. खुर्चीत पोस्टातली बाई तोंड उघडून पडली होती, तिच्या गालात कापूस होता. दोब्री ऐंशीला टेकलेला, पण उंच आणि ताठ. तरुणपणी गोलकीपर होता, आणि हात अजून फावड्याएवढे. त्याची एका बाजूची दाढी झालेली होती आणि दुसऱ्या बाजूला साबण वाळत होता. तो त्रेंदाफिल न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्यातच उठून आला होता.

झालं असं होतं, की त्रेंदाफिलनं मोठ्या कौतुकानं त्याच्यापुढे फोन धरला होता. दोब्रीकाका, तुम्ही ज्ञानकोशात आहात म्हणून. दोब्रीनं चष्मा लावून वाचलं. त्याचं नाव, जन्माचं साल, आणि खाली एकच वाक्य: प्लोवदिवच्या एका संघाकडून पहिल्या श्रेणीच्या एकमेव सामन्यात तो शेवटची वीसेक मिनिटं खेळला आणि त्याच्यावर तीन गोल झाले.

"हे तुझ्याच त्या दुकानातलं ना?" दोब्री म्हणाला. "काढून टाक."

ओग्न्याननं हातातलं अवजार खाली ठेवलं. सासऱ्याला तो ताते म्हणायचा. त्यानं समजावलं, की हे मी लिहिलेलं नाही, ताते. रुसे शहरात एक आकडेवेडा गृहस्थ आहे, पहिल्या श्रेणीत मैदानावर ज्यानं ज्यानं पाऊल ठेवलं त्या प्रत्येकाची नोंद करत सुटलाय. तसा नियमच आहे. त्या वेळच्या वर्तमानपत्रात सामना छापून आलेला आहे. गोष्ट खरी आहे, आधार पक्का आहे, ती काढता येत नाही.

"म्हणजे ती वीस मिनिटं खरी. आणि बाकीचं आयुष्य?"

"ते कोणी छापलेलं नाही, ताते."

दोब्रीनं गालावरचा वाळलेला साबण नखानं खरवडला. मग विचारलं, "आणि झाफिरा? ती आहे त्यात?"

ओग्न्याननं नाही म्हणून मान हलवली. झाफिरा म्हणजे दोब्रीची बायको, स्नेझानाची आई. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. खुर्चीतल्या पोस्टाच्या बाईनं कापसासकट काहीतरी आवाज केला.

"बघ," दोब्री म्हणाला. "हिलासुद्धा पटतंय." आणि तो उरलेली दाढी करायला निघून गेला.

झाफिरा गावच्या सिनेमागृहात तिकिटं फाडायची. सिनेमागृह म्हणजे वाचनगृहाचं मोठं दालन; तेव्हा तिथं आठवड्यातून दोन-तीनदा सिनेमा लागे. बाहेरच्या देशांतल्या सिनेमांच्या खाली बल्गेरियन ओळी यायच्या. पण गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना वाचता यायचं नाही, आणि ज्यांना यायचं त्यांची नजर ओळीच्या मध्यावर पोचेपर्यंत ओळ निघून जायची. झाफिराची सासू त्यांतलीच. तिच्यासाठी म्हणून झाफिरा दार लावून आत येऊन बसली आणि हळू आवाजात वाचू लागली. पुढच्या बाया म्हणाल्या, जरा मोठ्यानं. मागचे म्हणाले, आम्हालाही. असं करता करता सगळं दालन झाफिराच्या तोंडून सिनेमा ऐकू लागलं, अगदी वाचता येणारेसुद्धा.

कारण ती ओळीत लिहिलेलं तसंच वाचत नसे. इटलीची श्रीमंत बाई डोंगरातल्या बोलीत नवऱ्याला झापायची. फ्रान्सचा पोलीस चोराला एलेनित्साच्या शिव्या द्यायचा. हिंदुस्थानी सिनेमे आले की दालनात उभं राहायला जागा नसायची. त्यांतल्या गाण्यांखाली ओळीच यायच्या नाहीत, त्यामुळे गाणी पूर्णपणे झाफिराच्या ताब्यात. नायिका झाडाला वेढे घालू लागली की झाफिरा सांगायची, "आता ही म्हणतेय, सासूनं लोकर पिंजायला बसवलंय, पण माझं चित्त थाऱ्यावर नाही." एकदा पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीचं हृदय नाजूक होतं, म्हणून झाफिरानं हरवलेल्या मुलाला आईशी अर्ध्या सिनेमातच भेटवलं, आणि उरलेला अर्धा सिनेमा ते दोघं एकमेकांना ओळखूनही न ओळखल्यासारखं का वागताहेत, ते समजावण्यात गेला. गावातले लोक सैन्यात किंवा शिकायला बाहेर गेले आणि तिथे तेच सिनेमे त्यांनी पुन्हा पाहिले, तेव्हा त्यांची घोर निराशा झाली.

मग नव्वदच्या दशकात सिनेमागृह बंद पडलं, आणि झाफिरा घरी मिरच्या भाजताना दूरचित्रवाणीवरच्या मालिका शेजारणींना वाचून दाखवू लागली.

त्या शनिवारनंतर त्रेंदाफिलनं मनावर घेतलं. तो चांगला न्हावी होता आणि त्याहून चांगला बोलणारा. त्यानं गिऱ्हाइकांच्या आठवणी गोळा केल्या आणि ज्ञानकोशात झाफिराची नोंद लिहून टाकली. सुरुवातच अशी: 'झाफिरा चाउशेवा ही बाल्कनमधली सर्वश्रेष्ठ सिनेवाचक होती.' दुसऱ्याच दिवशी बुर्गासच्या एका संपादकानं तिच्यावर खूण केली: आधार नाही, काढण्याचा प्रस्ताव. खाली चर्चा सुरू झाली. एलेनित्साचे लोक धडाधड खाती उघडून 'राहू द्या, राहू द्या' असं लिहू लागले, कोणी खाली स्वतःचा दूरध्वनी क्रमांकही दिला.

रविवारी जेवायला दोब्री आला, नेहमीसारखा. स्नेझानानं पातातनिक केलं होतं. बटाट्याचा तो जाड थर दोन्ही बाजूंनी खरपूस झाला होता आणि घरभर पुदिन्याचा वास होता. वाढता वाढता ती नवऱ्याला म्हणाली, की तू तिथला मोठा माणूस आहेस, चार शब्द टाकलेस तर काय बिघडतं. ओग्न्यान म्हणाला, जावयानं सासूसाठी बोलायचं नसतं, तसा दंडक आहे. बरं, मग विरुद्ध तरी बोलू नकोस, स्नेझाना म्हणाली. गप्प बसायला कुठला दंडक आड येत नाही.

त्याला गप्पच बसायचं होतं. पण बुर्गासच्या संपादकानं चर्चेत सरळ त्याचंच नाव घेऊन विचारलं, की रादुलोव त्या भागातले आहेत, त्यांना काही छापील माहीत आहे का? पुढ्यात आलेल्या प्रश्नाला बगल देणं ओग्न्यानला कधी जमलं नव्हतं. त्यानं लिहिलं: 'झाफिरा चाउशेवा माझी सासू. म्हणून मी मत देत नाही. मी पुष्कळ शोधलं, छापील काही मिळालं नाही. लोक जे सांगताहेत ते मात्र खरं आहे.'

स्नेझानानं ते दुकानातल्या संगणकावर वाचलं. संध्याकाळी ती गच्चीत मिरच्या भाजत बसली होती. त्यानं साली काढायला हात पुढे केला तेव्हा तिनं ताट आपल्याकडे ओढून घेतलं.

"शेवटची ओळ चांगली लिहिलीस," ती म्हणाली. "पण लोक तिच्या आधीचीच वाचणार."

तो बाजूला बसून राहिला. बऱ्याच वेळानं तिनं ताट मध्ये सरकवलं, आणि मग दोघं मिरच्या सोलत बसले.

त्रेंदाफिल मात्र हार मानणाऱ्यांतला नव्हता. छापील पाहिजे काय, देतो छापील. जिल्ह्याच्या ठिकाणी निघणाऱ्या एका लहानशा साप्ताहिकात त्याचा आतेभाऊ होता. पुढच्याच अंकात झाफिराच्या फोटोसकट अर्धं पान आलं. आठवणी होत्या, त्या खऱ्या होत्या. पण अर्धं पान भरायला त्या पुरल्या नसाव्यात. म्हणून झाफिरानं राजधानीत परदेशी पाहुण्यांसमोर वाचून दाखवलं होतं, आणि तिला संस्कृतीच्या सेवेबद्दल सरकारी पदक मिळालं होतं, असंही आलं. त्रेंदाफिलनं ते ताबडतोब नोंदीला जोडलं. चर्चेचं वारं फिरलं. बुर्गासचा संपादकसुद्धा म्हणाला, पदक मिळालं असेल तर प्रश्नच मिटला.

ओग्न्याननं ते दवाखान्यात दोन रुग्णांच्या मधल्या वेळेत वाचलं. त्याला माहीत होतं, पदकबिदक काही नाही. स्नेझानालाही माहीत होतं. त्या आठवड्यात दोघांनी घरात हा विषय काढला नाही. त्यानं मनाशी ठरवलं, की रविवारी जेवण झाल्यावर ताते घरी गेले की लिहायचं; बायको बोलेनाशी होईल, होऊ दे. पण ते ठरवून त्याला बरं वाटलं नाही.

रविवारी दोब्री आला तो साप्ताहिक काखेत मारून. ते त्यानं ताटाशेजारी ठेवलं, आधी राकियाचा, त्या फळांच्या दारूचा, एक घोट घेतला, थोडे घेवडे खाल्ले, आणि मग बोटानं ते पान ठोकलं.

"हे पदक कुठं आहे?" त्यानं लेकीला विचारलं. "मी सगळे खण पाहिले."

"बाबा, ते त्रेंदाफिलच्या भावानं..."

"झाफिराला पदक मिळालं असतं तर तिनं ते घराच्या दाराखाली पाचर म्हणून सारलं असतं. ते दार अजून नीट बसत नाही." मग तो जावयाकडे वळला. "तुमच्या तिथं हे चालतं?"

"चालून जाईल," ओग्न्यान म्हणाला. "कोणी काही बोललं नाही तर."

"तू बोलणार होतास?"

ओग्न्याननं बायकोकडे पाहिलं. "हो, ताते. आज."

स्नेझाना उठून पाणी आणायला गेली. पाणी टेबलावरच होतं.

दोब्रीनं साप्ताहिकाची घडी घातली. मग म्हणाला, "तुझं राहू दे. तू बोललास तर म्हणतील, जावयाला सासूचं बघवलं नाही. मी बोलतो. तू नुसतं लिही."

ओग्न्याननं संगणक आणला. दोब्रीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले, फोटो काढायला बसल्यासारखे, आणि सांगायला सुरुवात केली. 'मी दोब्री चाउशेव. तुमच्याकडे मी आहे, तीन गोलवाला. झाफिरा माझी बायको होती. तिला पदक मिळालेलं नाही आणि ती परदेशी पाहुण्यांना कधी भेटली नाही. तिनं एलेनित्सातल्या लोकांना सिनेमा वाचून दाखवला, आणि वाचताना बदलला, कारण तो तिला जसा आला होता तसा पटायचा नाही. खोटं तिनंही पुष्कळ सांगितलं. पण तेव्हा पडदा समोर होता, आणि ज्याला खरं पाहिजे होतं त्याला ते खाली वाचता येत होतं. तुमच्याकडे तसं नाही. तुमच्याकडे वाचणारा जे वाचेल तेच खरं मानेल. म्हणून हे काढा.'

"एवढंच?" ओग्न्याननं विचारलं.

"खाली सही कर. आणि लिही, राग नाही."

स्नेझाना दारात उभी राहून ऐकत होती. ती आत आली आणि तिनं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

नोंद दुसऱ्या दिवशी गेली. त्रेंदाफिलला वाईट वाटलं, आणि त्या आठवड्यात त्यानं दोब्रीची दाढी एक शब्द न बोलता केली. त्याच्यासारख्या माणसाला ती केवढी शिक्षा. शेवटी न राहवून त्यानं विचारलं, की काका, तुमच्याच बायकोचं नाव तुम्हीच पुसलंत? दोब्री म्हणाला, नाव नाही रे, पदक पुसलं. वस्तरा चालव.

गोष्ट इथंच संपली असती. पण ती चर्चा वाचणारी माणसं आणखीही होती. त्यांतली एक बिस्त्रा कोनार्स्का नावाची बाई, सोफियाच्या विद्यापीठात सिनेमाचा इतिहास शिकवणारी. तिनं ओग्न्यानला लिहिलं, की खेडोपाडी असं मोठ्यानं वाचणारे असायचे असं तिनं ऐकलं होतं, पण नावागावासकट कोणी सापडलं नव्हतं. ऐकलेले लोक अजून आहेत का? आणि ते बोलतील का? ओग्न्याननं उत्तर दिलं, की बोलतील का हा प्रश्नच नाही, थांबवायचं कसं तेवढा विचार करून या.

बिस्त्रा ऑक्टोबरच्या शेवटी आली, तेव्हा बटाटे निघाले होते आणि लोकांना सवड होती. ती रीतसर माणूस होती. लिहून आणलेले प्रश्न होते, ध्वनिमुद्रणाचं यंत्र होतं. पहिले दोन दिवस तिनं घरोघर जाऊन आठवणी घेतल्या आणि ती गोंधळून गेली, कारण प्रत्येक घरात त्याच सिनेमाचा शेवट वेगळा होता. मग तिनंच सुचवलं, की फिल्मसंग्रहालयातून त्या हिंदुस्थानी सिनेमांपैकी एक मिळालाय, खाली जुन्या बल्गेरियन ओळी आहेत. दालनात लावू या का?

रविवारी दुपारी वाचनगृहाचं दालन भरलं. खुर्च्या कमी पडल्या म्हणून लोकांनी घरून स्टुलं आणली. त्रेंदाफिलनं दुकान बंद ठेवलं होतं आणि तो दारात उभा राहून, तिकिटं नसतानाही, लोकांना एकेक करून आत सोडत होता. पडद्यावर हिंदुस्थानातली एक विधवा आई पूर आलेल्या नदीकाठी मुलाला शोधत फिरू लागली. खाली ओळी येऊ लागल्या. दालन गप्प होतं. ओळी जात होत्या, येत होत्या, कोणीच काही म्हणेना, आणि त्या शांततेत कसंसंच वाटू लागलं. पोस्टातल्या बाईनं नाक पुसलं.

तेवढ्यात मागून दोब्रीचा आवाज आला. आधी चाचपडत, मग ठणठणीत.

"ही म्हणतेय, कुठं गेलं हे कार्टं. घरी येऊ दे, तंगडीच मोडते."

खाली ओळीत लिहिलं होतं: 'माझ्या बाळा, देव तुझं रक्षण करो.'

दालन हसलं. मग डावीकडून कोणीतरी दुरुस्ती केली, की नाही नाही, झाफिरा तंगडी नव्हती म्हणत, कान म्हणायची. दोब्री म्हणाला, बरं, कान. सावकार आला तेव्हा पोस्टाच्या बाईनं त्याचं काम उचललं. पोलिसाचं त्रेंदाफिलनं दारातूनच केलं. पहिलं गाणं लागलं, नायिका झाडापाशी गेली, आणि अख्ख्या दालनानं एका सुरात म्हटलं, की सासूनं लोकर पिंजायला बसवलंय. बिस्त्रा यंत्र सांभाळत बसली होती. अर्ध्यानंतर तिनं ते खुर्चीवर तसंच ठेवलं आणि हसून हसून डोळे पुसू लागली. ओग्न्यान बायकोशेजारी बसला होता. त्यानं झाफिराला सिनेमात ऐकलं नव्हतं, तो लग्नानंतर या गावात आला होता. आता ऐकत होता. आपण शोधत होतो छापील, आणि जे होतं ते सगळं इथं बसलेलं होतं, असं त्याच्या मनात आलं. पण त्यामुळे नियम चुकीचा आहे असं काही त्याला वाटलं नाही. नियम आपल्या जागी, दालन आपल्या जागी. दोन्हीकडे आपल्याला बसायला मिळतंय, याचंच त्याला बरं वाटलं.

पुढच्या वसंतात बिस्त्राचा अभ्यास एका नियतकालिकात आला. डोंगराळ भागातल्या सिनेवाचकांवर लांबलचक लेख, त्यात झाफिरावर चार पानं. जे ऐकलं ते ऐकलं म्हणून लिहिलेलं, जिथं आठवणी जुळत नव्हत्या तिथं जुळत नाहीत असं सांगितलेलं. त्यावरून बुर्गासच्या त्या संपादकानंच, कोणी न सांगता, ज्ञानकोशात 'सिनेवाचक' अशी नवी नोंद सुरू केली. झाफिरा तिच्यात मधल्या एका परिच्छेदात होती: नाव, गाव, आणि प्रेक्षकांच्या प्रकृतीनुसार ती कथानक बदलत असे, हे वाक्य. तिची स्वतंत्र नोंद करायची का, हा वाद तिथं अजून चालू आहे. ओग्न्यान त्यात मत देत नाही.

दोब्रीला त्यानं तो परिच्छेद वाचून दाखवला. दोब्रीनं दोनदा ऐकला. मग विचारलं, की हे लिहिणारा बुर्गासवाला कधी इकडे येतो का. आला तर जेवायला बोलाव, घेवडे चांगले आले होते, अजून उरलेत.

गावानं एक केलं. महिन्यातल्या एका रविवारी दालनात सिनेमा लावायचा असं ठरलं. वाचायला कोण, यावर मारामारी व्हायची वेळ आली, तेव्हा दोब्रीनं लेकीकडे बोट दाखवलं. स्नेझाना नको नको म्हणाली. औषधांच्या चिठ्ठ्या वाचणारी मी, मला हे कुठलं जमायला. पण मे महिन्यात एका इटालियन सिनेमाला ती शेवटी मधल्या रांगेत जाऊन बसली. पहिला अर्धा तास तिनं ओळी जशाच्या तशा वाचल्या, स्पष्ट आणि नीट, आणि लोक सौजन्यानं ऐकत राहिले.

मग पडद्यावरचा नवरा उशिरा घरी आला आणि बायकोला म्हणाला, मला समजून घे. स्नेझानानं ती ओळ तशीच जाऊ दिली.

"हा म्हणतोय," ती म्हणाली, "तण काढत बसलो होतो."

दालनात जो हशा उसळला त्यात पुढच्या चार ओळी कोणाला ऐकूच आल्या नाहीत. ओग्न्यान सगळ्यांत मोठ्यानं हसत होता, आणि शेजारी बसलेला दोब्री त्याच्या पाठीवर आपल्या त्या फावड्यासारख्या हातानं थापा मारत होता.